दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकणारं इन्स्टॉलेशन

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या गावच्या वाचनालयातला कॉम्प्युटर इंटेलच्या चौथ्या पिढीतला. विंडोज ११ ला किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे तो रस्ता बंदच होता. पण आय-फाइव्ह प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम असलेलं मशीन भंगारात घालणं मला पटेना. विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं; तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पुस्तकांची नोंदवही आणि जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं पेनड्राइव्हवर घेतली, जुनी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली आणि नवी एसएसडी बसवली. जुन्या डिस्कला हात न लावता नवीवर काम करा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

पेनड्राइव्हवरून मिंट व्यवस्थित चालू झालं. डेस्कटॉप आला, वायफाय लागलं, मराठी पानंही नीट दिसली. पण इन्स्टॉल सुरू केलं आणि फाइली कॉपी होता होता सगळं गोठलं. माउस हलेना, कीबोर्डवरचा दिवाही बदलेना. बटण दाबून बंद केलं, पुन्हा सुरू केलं. या वेळी इन्स्टॉलर आपोआप बंद झाला. त्यानंतर पडदा काळा पडून मशीन स्वतःच रीस्टार्ट झालं.

अशा वेळी सगळ्यात आधी संशय येतो तो डाउनलोडवर. मिंटच्या साइटवर प्रत्येक आयएसओ फाइलचा (म्हणजे डाउनलोड करायच्या इन्स्टॉलेशन फाइलचा) शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेला ठसा, दिलेला असतो. माझ्या लॅपटॉपवर तो काढून पाहिला, अक्षर न् अक्षर जुळला. मग दुसऱ्या कंपनीचा पेनड्राइव्ह घेऊन मागच्या यूएसबी पोर्टला लावला. तेच. ग्राफिक्सचा घोळ असेल म्हणून सुरुवातीच्या मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडला. काळ्या पडद्यावर बहुतेकांचा पहिला इलाज तोच असतो. तरीही तेच. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीची गादी साचली होती, ती काढून नवी थर्मल पेस्ट लावली. तापमान झटक्यात उतरलं, पण इन्स्टॉल काही पुरं होईना.

इथे मी थांबलो आणि इन्स्टॉल नेमकं कुठे मोडतंय ते वहीत लिहू लागलो. एकदा कॉपी अर्ध्यावर असताना, एकदा भाषेची पॅकेजं बसताना, एकदा अगदी सुरुवातीला डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडताना. मधे एकदा कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून काळ्या टर्मिनलवर गेलो, तिथे स्क्वॉशएफएस (पेनड्राइव्हवरची कॉम्प्रेस केलेली सिस्टिम) वाचता येत नसल्याच्या ओळी होत्या. पुढच्या खेपेला त्या नव्हत्याच, वेगळाच प्रोग्राम कोसळला होता.

सगळं कोडं या वहीतच होतं. ड्रायव्हर चुकीचा असेल किंवा आयएसओ खराब असेल, तर गाडी साधारण त्याच ठिकाणी अडते. जागा दर वेळी बदलत असेल, तर दोष हार्डवेअरमध्ये शोधावा: रॅम, पॉवर सप्लाय, तापमान, केबल. तापमान मी पाहिलं होतं. आणि दोष पार्टिशनपासून पॅकेजपर्यंत सगळीकडे दिसत होता, म्हणून पहिला संशय रॅमवर गेला.

ग्रंथपाल काकूंना हे पटेना. ‘‘अरे, पण विंडोज तर चालत होतं की इतकी वर्षं!’’ त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. वाचनालयाच्या रोजच्या कामाला दोन-तीन जीबीच्या वर रॅम क्वचितच लागते. खराब भाग उरलेल्या जागेत असेल तर तो महिनोन् महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. फार तर कधीतरी विंडोज कोसळल्याचा निळा पडदा येतो. इन्स्टॉल करताना मात्र कॉम्प्रेस केलेली अख्खी सिस्टिम उलगडून कॉपी होते, आणि वाचलेला डेटा ठेवत ठेवत लिनक्स मोकळी रॅम भरत जातं. एक बिट जरी बदलला, तरी ती फाइल नीट उलगडत नाही. काकूंना विचारलं, निळा पडदा यायचा का? म्हणाल्या, ‘‘यायचा ना, उन्हाळ्यात जास्त. आम्हाला वाटायचं लाइटचा प्रॉब्लेम.’’

मेमटेस्ट८६+ वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकून चालवलं. हे ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट रॅम तपासतं, आणि फुकट आहे. थोड्याच वेळात एररच्या ओळी यायला लागल्या. आता चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम पट्ट्यांतली खराब कुठली? दुकानात करतात तसं सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवून पाहिला. कधी कधी एवढ्यानेच काम होतं. इथे झालं नाही. मग एकेक पट्टी वेगळी तपासली, तीही दोन्ही स्लॉटमध्ये, कारण दोष मदरबोर्डच्या स्लॉटचाही असू शकतो. एक पट्टी कुठेही लावली तरी स्वच्छ. दुसरी कुठेही लावली तरी एरर.

चांगल्या पट्टीवर मिंट विनातक्रार बसलं. पुन्हापुन्हा प्रयत्न करून कधीतरी ते खराब पट्टीवरही पुरं झालं असतं, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. तशी बसलेली सिस्टिम वरून ठीक दिसते, पण आतल्या फाइली बिघडलेल्या असू शकतात. ‘‘पुन्हा करून बघा, होईल’’ हा सल्ला म्हणून मला धोक्याचा वाटतो.

ही भीती आणखी एका ठिकाणी लागू होती. आमचा बॅकअपही त्याच रॅममधून गेला होता! जुनी हार्डडिस्क माझ्या लॅपटॉपला जोडून प्रत्येक फाइलचा हॅश बॅकअपमधल्या फाइलीशी ताडून पाहिला. पुस्तकांची नोंदवही शाबूत होती. स्कॅन केलेल्या एका पानाचा हॅश मात्र जुळला नाही. उघडल्यावर मधूनच खाली राखाडी पट्टा दिसत होता. मूळ डिस्कवर ते पान चांगलं होतं, तिथून पुन्हा घेतलं.

शहरातून जुनी डीडीआर३ पट्टी आणली, तीही रात्रभर मेमटेस्टवर ठेवून मगच बसवली. इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड जोडून दिला. काकूंनी नव्या पुस्तकांच्या नोंदी सुरू केल्या आहेत, आणि खराब पट्टीवर मी ठळक फुली मारून ठेवलीय, म्हणजे कुणी ती चुकून परत लावणार नाही.