कारवी, डावखुरा आणि मेलबर्नचा मंडप

मेलबर्नमध्ये मी लोकांना पायी फिरवून इमारती दाखवते. पुण्यात वास्तुरचना शिकले, इथे आल्यावर काही वर्षं एका ऑफिसात नकाशे काढले, पण इमारती काढण्यापेक्षा त्यांच्याविषयी लोकांशी बोलण्यात माझा जीव जास्त रमतो. त्यामुळे आता हेच काम. फेडरेशन स्क्वेअरपासून निघायचं, यारा नदीवरचा प्रिन्सेस ब्रिज ओलांडायचा, सेंट किल्डा रोडने नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियापर्यंत यायचं, समोरच्या क्वीन व्हिक्टोरिया बागेतला मंडप बघायचा आणि तिथून गंजल्या रंगाच्या पोलादी पत्र्यांनी मढवलेल्या समकालीन कलादालनापाशी फेरी संपवायची.

हा मंडप काय प्रकार आहे ते सांगायला हवं. लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीने २००० साली दर उन्हाळ्यात एका वास्तुरचनाकाराकडून तात्पुरता मंडप बांधून घेण्याची प्रथा सुरू केली. पहिला झाहा हदीद यांचा होता. त्याच धर्तीवर मेलबर्नमध्ये २०१४ पासून ‘एमपॅव्हिलियन’ सुरू झालं. तेव्हा दर वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा मंडप उभा राहायचा, फेब्रुवारीपर्यंत त्यात व्याख्यानं, गाणं, नाच, मुलांची शिबिरं चालायची, सगळं फुकट. हंगाम संपला की तो मोडीत काढत नसत. शहराला भेट म्हणून द्यायचे आणि दुसरीकडे कायमचा हलवायचे.

२०१६ चा मंडप बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने केला. त्याचे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत, कारण त्या उन्हाळ्यात ते मी प्रत्येक गटाला सांगत होते. १६.८ मीटर बाजूचा चौरस, भारतातून आणलेला ७ किलोमीटर बांबू, २६ किलोमीटर दोरी, ५,००० लाकडी खुंट्या, जमिनीला व्हिक्टोरियातल्याच पोर्ट फेरी गावाहून आणलेला ५० टन ब्लूस्टोन दगड. आणि छपराला कारवीच्या काठ्यांचे विणलेले तट्टे. भारतातल्या कारागिरांनी ते चार महिने विणले. कारवी! सह्याद्रीत कुठेही पावसाळ्यात भटकलेल्या माणसाला हे झुडूप ठाऊक असतं. पहिल्यांदा त्या छपराखाली उभी राहिले तेव्हा मला भरून आलं होतं, हे खरं आहे.

सांगायचा आहे तो दिवस जानेवारी २०१७ मधला, एक शनिवार. ऊन चांगलंच चढलं होतं. गटात वास्तुरचनेचे दोन विद्यार्थी होते, ॲडलेडहून आलेलं एक जोडपं होतं, आयुष्यभर सुतारकाम केलेले एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ होते, आणि इथल्या एका इस्पितळात नर्स असलेली एक मराठी मुलगी, तिच्या वडिलांना घेऊन आलेली. वडील शहापूर तालुक्यातले, सत्तरीचे. पांढरा सदरा, पायात लेकीने घेतलेले नवे बूट. लेक मला हळूच म्हणाली, “ताई, बाबांना इंग्रजी येत नाही, ते नुसते चालतील आपल्याबरोबर.” मी म्हटलं, मी दोन्ही भाषांत बोलेन.

फेडरेशन स्क्वेअरच्या त्रिकोणी जस्ताच्या आणि काचेच्या तुकड्यांकडे काकांनी एकदा पाहिलं आणि ते पुढे निघाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ती इमारत २००२ मध्ये उघडली तेव्हापासून या शहराचं तिच्यावरून भांडण चालू आहे. गॅलरीच्या भिंतीपाशी मात्र ते थांबले. रॉय ग्राउंड्स यांची १९६८ ची ही इमारत बाहेरून जवळजवळ बिनखिडक्यांची, करड्या काळसर दगडाची. बाकीचे लोक दारातल्या पाण्याच्या भिंतीवर हात ठेवून फोटो काढत होते. काका दगडावर बोटाच्या पेराने टकटक करत होते.

“हा तर आपला काळा दगड,” ते म्हणाले.

खरंच होतं. इथे ज्याला ब्लूस्टोन म्हणतात तो बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच जातभाई. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडच्या मैदानांवरचा त्या मानाने अगदी अलीकडचा, पण दगड तोच. जुन्या मेलबर्नचे पूल, गल्ल्या, चर्च, तुरुंग सगळे त्याचे. मी हे सांगितल्यावर काका म्हणाले, “मग उन्हाळ्यात रात्रभर तापत असेल.” तापते ती भिंत.

रस्ता ओलांडून आम्ही बागेत आलो. मंडपाच्या वाटेवर ताजियाच्या घडणीचा एक नक्षीदार मनोरा उभा होता. तो काय आहे हे एरवी मला पाच मिनिटं समजावून सांगावं लागे. काका लांबूनच म्हणाले, “ताबूत कसला आणलाय इथं?” आणि मग छपराखाली शिरले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

मी माझं नेहमीचं सांगायला घेतलं. मधे छपराला सोडलेली मोकळी जागा, तिच्याखाली सोनेरी कड्याची विहीर, आकाश आणि जमीन यांना जोडण्याची कल्पना. विद्यार्थी टिपून घेत होते. काका एका खांबापाशी उकिडवे बसून वर बघत होते. मग उठले, हात पोचेल तिथला बांबूचा जोड अंगठ्याने दाबून पाहिला. पुढच्या खांबाकडे गेले, तिथलाही दाबला. तिसऱ्यापाशी जरा जास्त थांबले. मुलगी संकोचली. “बाबा, हात नका लावू.” मी म्हटलं, लावू द्या.

“ताई, हे दोघांनी बांधलंय,” ते मला म्हणाले. “म्हणजे दोन तरी हात आहेत. ह्या अंगाला बघा, दोरी अशी उजवीकडून वर चढलीये. त्या खांबाला उलटी. तो डावखुरा असणार.”

मी पाहिलं. उन्हाळाभर त्या छपराखाली मी लोकांना आणत होते आणि ते फेरे मला सुतासारखे एकसारखेच दिसत होते. आता दिसलं की या जोडावर दोरी एका दिशेने फिरली आहे, त्या जोडावर दुसऱ्या, आणि दोन्हीकडची आवळण सारखीच घट्ट आहे.

“नाव काय त्याचं?” काकांनी विचारलं.

“बिजॉय जैन. मुंबईचेच आहेत, अलिबागजवळ नांदगावला त्यांची कार्यशाळा—”

“त्यांचं नाय. डावखुऱ्याचं.”

मला ते ठाऊक नव्हतं. मंडपाबद्दलच्या मी वाचलेल्या एकाही लेखात बांधणाऱ्यांची नावं आलेली नव्हती. कारागीर, हस्तकौशल्य, परंपरा, एवढ्यावर सगळे थांबत होते. मला इथे जैन यांना दोष द्यायचा नाही. उलट त्यांच्या कार्यशाळेत सुतार, गवंडी आणि वास्तुरचनाकार एकत्र काम करतात, सुतारांच्या वह्यांतली रेखाटनं त्या कामाचा भाग असतात, आणि २०१० च्या व्हेनिसच्या वास्तुकला द्वैवार्षिकात त्यांनी ती कार्यशाळाच लोकांपुढे मांडली होती. आखडतं घेतो ते आम्ही, इमारतींविषयी बोलणारे आणि लिहिणारे. चित्राखाली चित्रकाराचं एक नाव असतं तसं इमारतीखालीही एकच टाकून मोकळे होतो. पण ५,००० खुंट्या एक माणूस ठोकत नाही. आणि ‘हाताने केलेलं’ असं म्हणताना त्या हातांत नेमकं काय शहाणपण आहे, हे कुणी सांगत नाही. जणू ते नुसते कष्टच आहेत.

शहाणपण काय आहे ते त्या सकाळी काकांनी सांगितलं. सुरुवात त्या ऑस्ट्रेलियन सुताराने केली. त्याने मला विचारलं, हे गृहस्थ काय बघताहेत? मी सांगितल्यावर तो म्हणाला, मग त्यांना विचार, बोल्ट का नाही घातले? बोल्टने काम लवकर झालं असतं.

काकांनी मान हलवली. बांबू आतून पोकळ, त्याची सगळी ताकद उभ्या धाग्यांत. आवळून बोल्ट बसवला की तो त्या जागी चिरतो, आणि एकदा चीर गेली की गाठीपर्यंत धावते. म्हणून खुंटी घालायची ती गाठीला धरून, आधी भोक पाडून, आणि भार घ्यायचा तो दोरीने. “खुंटी जागा धरते, दोरी वजन धरते,” असं ते म्हणाले. हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा सुतार एकदम गप्प झाला आणि त्याने वर बघून एकेक खुंटी गाठीपासून किती लांब आहे ते तपासायला सुरुवात केली.

मग बांधणी कशी घालायची? काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मी गळ्यातल्या ओळखपत्राची नाडी काढून दिली, विद्यार्थ्यांनी दोन पेन्सिली दिल्या. ब्लूस्टोनवर बसून त्यांनी पेन्सिली एकमेकींवर आडव्या ठेवल्या. नाडीचे तीन फेरे दोन्हींवरून. ओढून दाखवलं, पेन्सिली हलत होत्या. मग दोन पेन्सिलींच्या मधून, आधीच्या फेऱ्यांनाच कवळ घालत, आडवे दोन फेरे दिले आणि ओढले. जोड दगडासारखा झाला. सुताराने तो हातात घेऊन पिळून पाहिला, पेन्सिल मोडेल असं वाटलं, जोड हलला नाही. तो काकांच्या शेजारी जमिनीवर बसला, नाडी सोडली आणि स्वतः बांधायला लागला. काकांनी त्याचा हात धरून दुसऱ्या फेऱ्याची दिशा बदलली. भाषांतराची गरज उरली नव्हती, मी बाजूला झाले.

त्यांनी तरुणपणी गावात वीसेक घरांचे कूड बांधले होते, हे मला तेव्हा कळलं. मेढी रोवायच्या, आडव्या कामट्या बांधायच्या, कारवी उभी विणायची आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. वेळू तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, काळोख्या पंधरवड्यात, आणि ओढ्याच्या पाण्यात दाबून ठेवायचा म्हणजे किडा लागत नाही. कारवीची काठी हातात घेऊनच निवडायची. वाकडी, पोचट बाजूला. फुलून बी झडलं की कारवी वाळते, ते सगळं रान एकदम, आणि मग नवी चांगली जाड व्हायला काही वर्षं जातात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आठ वर्षांनी कारवी फुलली ती नेमकी २०१६ च्याच पावसाळ्यात. इथे तिचं छप्पर चढत होतं तेव्हा तिथे डोंगर जांभळे होते. हे मी गटाला सांगितलं तेव्हा ॲडलेडच्या बाई फुलांचा फोटो शोधायला लागल्या.

विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारलं, त्यांचं स्वतःचं घर असंच आहे का?

काका हसले. “नाय बा. स्लॅबचं आहे. कूड पाडला, मीच पाडला.” मग लेकीकडे वळून, “हिच्या लग्नाच्या वेळी पाडला. कुडाच्या घरात सोयरीक कोण जोडणार?” लेक खाली बघत होती. दर वर्षी लिंपायचं, शाकारायचं, वाळवी लागायची, कुडातून साप यायचा, त्यांनी एकेक गोष्ट मोजून सांगितली. स्लॅब उन्हाळ्यात तापतो, रात्री बाहेर अंगणात झोपावं लागतं, हेही सांगितलं. आपल्याकडे सरकारदरबारी असं घर ‘कच्चं’. घरकुल योजनेत ते पक्कं करून मिळतं, विटा आणि सिमेंटचं, आणि ज्याला पावसात चार रात्री जागून काढाव्या लागल्या आहेत त्याला ते हवं असतं, यात गैर काहीच नाही. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. पक्कं करण्याच्या त्या सगळ्या खटाटोपात कुणीही काकांसारख्या माणसाला विचारलं नाही की तुला येतं त्यातलं काय ठेवायचं. भिंत पक्की करता आली असती आणि बांधणीही ठेवता आली असती. दगडी जोतं, चांगलं छप्पर आणि मधे कूड, असं घर टिकतं. पाणी वरून आणि खालून अडवलं की कूड कशानेही मरत नाही, हे त्यांचंच वाक्य. इथे मेलबर्नमध्ये नेमकं तेच केलेलं त्यांच्या समोर होतं. खाली दगड, वर छप्पर, मधे बांबू.

“हे किती दिवस राहणार?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, फेब्रुवारीत उतरवतील आणि दुसरीकडे उभं करतील.

ते पुन्हा उठले आणि सगळ्या मंडपाला एक चक्कर मारून आले. सुतार त्यांच्या मागोमाग. तोवर संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या यायला लागल्या होत्या, आणि शेवटच्या कलादालनाला वेळ उरला नव्हता. कुणाचीच तक्रार नव्हती. ट्रॅमच्या थांब्यावर काकांनी मला एकेक करून सांगितलं आणि मी ते वहीत उतरवलं. रात्री घरी आल्यावर इंग्रजीत नीट लिहून मंडपाच्या व्यवस्थापकांना पाठवलं. मंडप नंतर मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात गेला. पत्रात होतं ते असं:

उतरवताना दोऱ्या कापू नका, सोडा, म्हणजे कुठली किती लांब होती ते कळेल. खुंट्या ज्या त्या बांबूशी बांधून ठेवा, भोकं सगळी सारखी नाहीत. नव्या जागी खांबांचा बुंधा जमिनीपासून वीतभर वर दगडावर घ्या. पहिल्या उन्हाळ्यानंतर बांबू आक्रसेल, तेव्हा सगळ्या बांधण्या एकदा आवळा, त्यानंतर दर दोन वर्षांनी. पश्चिमेकडच्या आधी, त्या ऊन जास्त खातात. आवळणारा माणूस उजव्या हाताचा असेल तर डावखुऱ्याच्या बांधण्या त्याला उलट्या दिशेने आवळाव्या लागतील. त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो त्या सोडवून बसेल.