पुढं इचारा

काल दुपारी जेवण करून जरा लवंडलो होतो. मोबाईलवर एक पान उघडायला गेलो, तर उत्तर आलं, 'सर्व्हरचा पत्ता सापडला नाही.' राउटर बंद करून पुन्हा लावला, पान उघडलं. शब्द मात्र डोक्यातून जाईनात. पत्ता न सापडणं ही आमच्या घरची जुनी गोष्ट.

लग्नपत्रिका वाटायला आण्णांच्या लुनावर मागं बसून मी निम्मं कोल्हापूर हिंडलोय. बिंदू चौकात गाडी थांबायची. पानपट्टीवाला पत्रिका हातात घ्यायचा नाही, पत्त्याचा शेवटचा शब्द तेवढा ऐकायचा. "मंगळवार पेठ? मिरजकर तिकटीला जावा, तिथं इचारा." तिकटीवरचा तालमीकडं धाडायचा. तालमीच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याला मात्र घर, मालक, मालकाची म्हैस कधी व्याली, सगळं ठाऊक. तिथनं सुटायला अर्धा तास.

इंटरनेटवरही नावावरून यंत्राचा पत्ता असाच विचारत जावं लागतं. तिथला चौकातला पानपट्टीवाला म्हणजे रूट सर्व्हर. नावं तेरा, 'ए' ते 'एम'. चालवणाऱ्या संस्था बारा, एकीकडं दोन नावं. तेराच का, तर तेव्हा उत्तराच्या एका पाकिटात 512 बाइट मावायचे, त्यात एवढीच बसली. यंत्रं मात्र आज जगभरात हजारावर. त्यांनाही शेवटच्या शब्दापुरतंच कळतं. नावाच्या शेवटी 'इन' (.in) असेल तर 'इन'वाल्यांकडं जावा, पुढचं ते सांगतील. 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही रीत बसवली. त्याआधी सगळ्या यंत्रांची एकच यादी असायची, आमच्या आजीच्या वहीसारखी. वही फुगली की काय होतं ते आम्हाला विचारा.

दर वेळी चौकापासून सुरुवात करावी लागत नाही, हेही तसंच. विचारणारं यंत्र वाट लक्षात ठेवतं. पण 'इन'वाले कुठं बसतात हे ते फार तर दोन दिवस धरतं, मग पुन्हा चौकात येऊन विचारतं.

आण्णांनी वीस वर्षं धरलं.

ताईच्या लग्नात कुणाला न विचारता ते सरळ त्याच दारात गेले, बाहेर आलेल्या पोराच्या हातात पत्रिका दिली, "समद्यांनी यायचं" म्हणून परतले. पाहुणे तोवर घर विकून पाचगावला गेलेले. ते रुसले ते रुसलेच. घर घेतलेली मंडळी मात्र सहकुटुंब आली, पंगतीला बसली, आहेरही केला. स्टीलचा डबा. ताई त्यात अजून चहापूड ठेवते. डब्यावर कोरलेलं नाव आमच्यात कुणाच्याच ओळखीचं नाही.