स्वस्तात विंडसर्फिंग शिकायचंय? मग बोर्ड सगळ्यात शेवटी घ्या

माझा पहिला विंडसर्फिंगचा बोर्ड, म्हणजे शीड लावून वाऱ्यावर चालवायची ती फळी, 100 लिटरचा होता. सेकंडहँड, पण दिसायला अगदी चकाचक, आणि मिळत होता इतक्या कमीत की मी फार विचारच केला नाही, लगेच उचलला. त्यानंतर तीन महिने मी त्याच्यावर नुसती उभी राहायचा प्रयत्न करत होते. चढायचं, डगमगायचं, पाण्यात पडायचं, परत चढायचं. शेवटी मला वाटायला लागलं की आपल्याकडे तोलच नाही, हा खेळ आपल्यासाठी नाहीये. मग एका ओळखीच्या मुलीने तिचा मोठा बोर्ड दिला, म्हणाली यावर चढून बघ, आणि पहिल्याच मिनिटाला मी सरळ उभी होते. त्या दिवशी कळलं की दोष माझ्यात नव्हता, लिटरमध्ये होता.

हे लिटरचं गणित मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं म्हणून इथे नीट सांगते. बोर्डावर जो लिटरचा आकडा छापलेला असतो तो त्याचं आकारमान. एक लिटर आकारमान ढोबळमानाने एक किलो वजन तरंगवतं. माझं वजन 64 किलो, बोर्डाचं स्वतःचं साधारण 8, शीड, मास्ट (शिडाची उभी काठी) आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) मिळून 9 धरा. झाले 81. म्हणजे 100 लिटरच्या बोर्डावर माझ्यासाठी शिल्लक तरंगशक्ती उरते फक्त 19 किलोची, आणि मी जरा एका बाजूला भार दिला की ती कड पाण्याखाली जाणार. आता हेच 200 लिटरच्या बोर्डावर करून बघा, तो स्वतः जड असतो, 13-14 किलो, तरी 110 च्या पुढे शिल्लक राहते. त्यावर तुम्ही चालू शकता, वळू शकता, गुडघे टेकून परत उठू शकता. नवशिक्याने आपल्या वजनात निदान 100 मिळवावेत आणि तेवढे लिटर तरी बघावेत असं मी सगळ्यांना सांगते. रुंदीही बघा, 80 सेंमीच्या वर असेल तर पाय थरथरत नाहीत.

आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की स्वस्तात शिकायचं असेल तर सुरुवातीला काहीच विकत घेऊ नका. ऐकायला उलटं वाटेल, कारण क्लासची फी डोळ्यात खुपते आणि जुना बोर्ड फुकटात पडल्यासारखा वाटतो. पण क्लासमध्ये तुम्हाला मोठा बोर्ड, तुमच्या मापाचं छोटं शीड, लाइफ जॅकेट, आणि चूक झाली की तिथल्या तिथे सांगणारं माणूस असं सगळं एकत्र मिळतं. दोन-तीन तासांची तीन सेशन्स, बस. ग्रुपमध्ये केलं तर आणखी स्वस्त पडतं, आणि ग्रुपचा एक फायदा असा की दुसरा पडतो तेव्हा तो का पडला हे किनाऱ्यावरून स्पष्ट दिसतं. त्यानंतर जमलं तर एखाद्या सेलिंग क्लबची मेंबरशिप बघा, बऱ्याच क्लबांकडे स्वतःचे बोर्ड असतात आणि मेंबर ते वापरू शकतात. शिकायला लागणारं सामान आणि सहा महिन्यांनी लागणारं सामान वेगळं असतं, त्यामुळे सुरुवातीचं सामान दुसऱ्याचंच असलेलं बरं.

पहिल्या सेशनला नक्की काय होतं ते सांगते, म्हणजे पैसे कशाचे देतोय ते कळेल. बोर्डाच्या मधोमध मास्टच्या दोन्ही बाजूला पाय, पाठ वाऱ्याकडे, आणि हातात एक जाड दोरी, तिला अपहॉल म्हणतात. शीड पाण्यावर आडवं पडलेलं असतं. सगळे नवखे इथे कमरेतून वाकून हाताच्या जोराने ओढतात आणि दहा मिनिटांत कंबर धरते. खरं म्हणजे पाठ सरळ ठेवून गुडघे वाकवायचे, हात लांब सोडायचे आणि नुसतं मागे रेलायचं. थोडा वेळ काहीच हलत नाही. शिडावर पाणी बसलेलं असतं ना, ते दाबून धरतं. मग एक कड वर येते, पाणी सरसर ओघळायला लागतं, आणि एका क्षणी शीड अचानक हलकं होतं. नेमका तिथेच माणूस मागे पडतो, कारण तो अजून पूर्ण जोरात रेललेला असतो. हलकं झाल्याचं जाणवलं की लगेच अंग पुढे आणून दोरीवर हातावर हात घेत मास्टपर्यंत यायचं. मग शीड झेंड्यासारखं फडफडत राहतं, त्यात जोर नसतो, तिथे थांबून श्वास घ्यायचा. हे मला आमच्या सरांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "हाताने ओढू नको, वजनाने ओढ", आणि तीन महिन्यांत जे झालं नव्हतं ते एका दुपारी झालं.

वळवायचं कसं, तर याला सुकाणू नसतं. मास्ट पुढे झुकवला की बोर्डाचं नाक वाऱ्यापासून दूर जातं, मागे झुकवला की वाऱ्याकडे येतं. मास्टच्या पायाशी असलेल्या सगळीकडे फिरणाऱ्या सांध्यामुळे हे शक्य होतं. 1960 च्या दशकात ज्या दोघांनी याचं पेटंट मागितलं त्यातला जिम ड्रेक हा विमानांचा इंजिनिअर होता, हे मला फार आवडतं, कारण शीड हातात धरलं की ते खरंच पंखासारखं वागतं. 1984 पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. एनीवे.

फुकटातली प्रॅक्टिसही आहे आणि ती कुणी करत नाही. वाळूत किंवा गवतावर नुसतं शीड उभं करा, मास्टचा पाय खड्ड्यात टेकवा आणि हलक्या वाऱ्यात अर्धा तास ते हाताळा, पुढचा हात, मागचा हात, कधी जोर भरतो, कधी सोडायचं. मागचा हात सोडला की जोर जातो ही गोष्ट अंगात मुरली की पाण्यावर निम्मी भीती कमी होते.

वारा किती हवा? 6 ते 10 नॉट. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी. अंदाज दाखवणारी अ‍ॅप्स फुकट आहेत, ती रोज बघायची सवय लावा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 8 चे 16 नॉट झाले की जोर दुप्पट नाही, चौपट. त्यामुळे "आज जरा जास्त आहे पण बघू" असं करू नका, क्लासचा दिवस वाया जातो. आणि दिशा! शाळेत खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केलेत, परीक्षेनंतर विसरलोय. जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा नवशिक्यासाठी धोक्याचा, मग तो कुठल्याही वेळेचा असो. त्यात काठाजवळचं पाणी काचेसारखं शांत दिसतं, मोह होतो, पण थोडं आत गेलं की वारा वाढतो आणि तुम्हाला आणखी आतच ढकलतो. किनाऱ्याला समांतर किंवा थोडा किनाऱ्याकडे येणारा वारा असेल तरच उतरा.

आता समजा दहा-बारा सेशन्स झाली आणि किड्याने चावा घेतलाय, स्वतःचं सामान हवंय. तर सेकंडहँडच घ्या, पण तपासून. मी आता कुठलाही जुना बोर्ड बघायला गेले की आधी त्याच्यावर अंगठ्याने दाबत जाते, विशेषतः जिथे टाचा येतात तिथे. टणक लागला तर ठीक, मऊ लागला किंवा टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर आतला थर सुटलाय, तो बोर्ड सोडा. मग उचलून बघते, मापाच्या मानाने फारच जड असेल तर आत पाणी शिरलंय. मास्ट जिथे बसतो ती खाच, फिनची, म्हणजे मागे खाली असलेल्या छोट्या पात्याची खोबण, डॅगरबोर्ड, म्हणजे बोर्डाच्या मधून पाण्यात सोडायचं मोठं पातं, नीट वरखाली होतो का, तिथे बारीक भेगा आहेत का. डॅगरबोर्ड असलेलाच घ्या, हळू वाऱ्यात परत येताना तोच वाचवतो, नाहीतर बोर्ड ओढत काठाकाठाने चालत यायचं. शिडाचं पारदर्शक प्लास्टिक पिवळं पडून कडक झालं असेल तर उन्हाने खाल्लंय, पहिल्या पडण्यात फाटेल. शिडावर मास्टची लांबी छापलेली असते, ती हातातल्या मास्टशी जुळते का बघा, आणि मास्टची जाडी बूमच्या पकडीत बसते का तेही, कारण मास्ट जाड आणि बारीक अशा दोन प्रकारचे येतात आणि इथे लोक हमखास फसतात. जास्त कार्बनचा मास्ट हलका असतो पण महाग, सुरुवातीला 30 टक्केवाला उत्तम चालतो.

80 च्या दशकातले साडेतीन-पावणेचार मीटर लांबीचे जुने बोर्ड कधीकधी जवळजवळ फुकट मिळतात. ते तरंगतात छान, 200 लिटरच्या वरचे असतात, पण अरुंद आणि जड. एकदा तोल आला की मजा देतात, पहिला बोर्ड म्हणून मात्र माझं मन होत नाही. ज्यांच्याकडे हवा भरायचा सप बोर्ड (उभं राहून वल्हवायचा) आहे त्यांनी त्यात मास्ट लावायची सोय आहे का बघावं, असेल तर नुसतं छोटं शीड मिळवलं की काम झालं.

दोन गोष्टींत मात्र पैसे वाचवू नका. एक लाइफ जॅकेट, आणि दुसरा तो सांधा, त्यातलं रबर. रबर वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की बदला, नवं रबर पूर्ण सामानाच्या मानाने अगदी किरकोळ पैशात येतं. ते पाण्यात तुटलं तर शीड एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. आणि काहीही झालं, वारा पडला, थकलात, काही तुटलं, तरी बोर्ड सोडून पोहायला लागू नका. बोर्ड बुडत नाही आणि लांबून दिसतो. शीड बोर्डावर आडवं घ्या, पोटावर झोपा आणि हातांनी वल्हवत या. आमच्या सरांनी हे पहिल्याच दिवशी करून घेतलं होतं, पुढे वारा पडला तेव्हा मी अर्धा तास वल्हवत आले आणि एकदाही घाबरले नाही.

तो 100 लिटरचा बोर्ड अजून माझ्याकडे आहे. दोन वर्षांनी 15 नॉटच्या वाऱ्यात परत काढला आणि तेव्हा तो पाण्यावरून असा घसरत निघाला की मला ओरडायला झालं. मोठा बोर्ड एका शाळकरी मुलीला शिकायला दिलाय. रविवारी 8-9 नॉट दाखवतायत, ती येणार आहे, त्याआधी आज संध्याकाळी सांध्याचं रबर बदलून टाकते.