डालग्याखालच्या पाचजणी

दुपारी जेवून पडवीत जरा आडवा झालो होतो. डोळा लागतो न लागतो तोच मागीलदारी कलकलाट झाला. घार असणार म्हणून काठी घेऊन धावलो. घार नव्हती, मुंगूसही नव्हतं. बांबूचं डालगं कशाच्या तरी धक्क्याने कलंडलं होतं, त्याखालच्या पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या पोरसवदा कोंबड्या, बाहेर आल्या होत्या आणि माझ्या चार जुन्या कोंबड्या त्यांना न्हाणीच्या कोपऱ्यात कोंडून एकेकीचा समाचार घेत होत्या. कोंबडा गडग्यावर उभा राहून भलतीकडे बघत होता. घरात बायकांचं वाजलं की आमचे आजोबा अशाच चेहऱ्याने माडावरचे नारळ मोजत बसायचे.

या पाचजणी गटारी उलटल्यावर आणल्या. श्रावणात कोंबडीला कोण विचारतो? विकणाराही मग फार ताणून धरत नाही. तेव्हा दोन महिन्यांची पिल्लं होती ती, नुसत्या तंगड्या आणि माना. जवळजवळ अख्खा श्रावण त्यांना गोठ्याच्या पलीकडे ठेवलं, मानमोडीच्या धास्तीने. पुस्तकात या रोगाला राणीखेत म्हणतात. हिमालयातल्या एवढ्या देखण्या गावाचं नाव कोंबड्यांच्या मरणाला चिकटलं, त्या गावकऱ्यांना काय वाटत असेल कोण जाणे. लहानपणी एका पावसाळ्यात आमच्या वाडीतली खुराडी आठवड्याभरात रिकामी झालेली मी पाहिली आहेत. त्यामुळे लशीचे थेंब डोळ्यांत घालून झाले तरी महिनाभर आधी जुन्यांना दाणे, मग नव्यांना, मग हातपाय धुणं, असा माझा क्रम होता. बायको म्हणाली, सासरचं सोयरसुतकसुद्धा मी इतकं पाळलं नव्हतं.

आता भाद्रपद तोंडावर आला. चाकरमानी यायच्या आत हे मार्गी लागायला हवं, म्हणून चार दिवसांपूर्वी डालगं अंगणाच्या मधोमध आणून पालथं घातलं. कामट्यांतून त्या यांना बघतात, या त्यांना बघतात. जुन्या येता-जाता फटीतून एखादी चोच मारतात, पण लागत नाही. ही माझी युक्ती नव्हे. आजीची.

आजीच्या वेळचा एक शिमगा आहे. मी सात-आठ वर्षांचा असेन. रंग उरला होता, खेळायला माणूस उरलं नव्हतं. आमच्याकडे एक पांढरी कोंबडी होती, गरीब, कुणीही उचलून घ्यावी अशी. तिला मी आणि चुलतभावाने धरून बादलीतल्या गुलाबी रंगात बुचकळलं. फार सुंदर दिसत होती. आम्ही तिला मिरवत अंगणात सोडली, आणि तिच्याच घरच्या, रात्री तिच्या अंगाला अंग लावून झोपणाऱ्या कोंबड्या मान फुगवून तिच्यावर धावल्या. ती बिचारी नेहमीच्या जागी दाणे टिपायला गेली होती. आपल्याला काय झालंय हे तिला कुठे ठाऊक? एकीने तुऱ्याला धरलं, दुसरी पाठीवर चढली. अंगणभर गुलाबी पिसं. आम्ही आधी हसलो, मग तुऱ्यावरचं रक्त रंगापेक्षा वेगळं दिसायला लागलं तेव्हा रडत आजीला बोलवायला गेलो.

आजीने तिला पदराखाली घेतली, तुऱ्याला हळद लावली आणि डालग्याखाली टाकली. आम्हाला मारलं नाही. मी विचारलं, "आजये, ही आपलीच ना गो? मगे ह्यो मारतत कित्याक?"

"ती तीच असा रे," आजी म्हणाली, "पण ह्येंका सांगतलो कोण?"

चार-पाच दिवस डालगं अंगणातच होतं. मग एका रात्री आजीने रॉकेलची चिमणी माझ्या हातात दिली, कोंबडीला काखेत धरलं आणि खुराड्याची फळी सरकवून तिला इतरांच्या मध्ये अलगद बसवलं. म्हणाली, "राती टाकूची. काळोखात सगळ्यो सारख्योच." काळोख पडला की कोंबडीला दिसत नाही, भांडणाचं अवसानही राहत नाही. आत थोडी कुरकुर झाली, सरकासरकी झाली आणि निजानीज. सकाळी फळी काढली तर सगळ्या एका रांगेत बाहेर. गुलाबीसुद्धा.

आता मला वाटतं, सकाळी त्या फसल्या नव्हत्या, निव्वळ कंटाळल्या होत्या. कोंबड्या एकमेकींना चांगल्या ओळखतात, आणि ओळख मुख्यतः डोक्याची, तुऱ्याची. कोण कुणाला टोचणार हे त्यांच्यात ठरलेलं असतं. नॉर्वेच्या शेल्डरुप-एबे या प्राणिशास्त्रज्ञाने लहानपणीच कोंबड्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि मोठेपणी, १९२२ मध्ये, त्यावर जर्मनमध्ये लेख छापला. ऑफिसातली माणसंही हल्ली सर्रास 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात, ते मूळ त्याच्या कोंबड्यांचं. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिली सोडून सगळ्यांना, आणि शेवटची फक्त टोचून घेते. नवी कोणी आली की ही सगळी उतरंड पुन्हा लावावी लागते, म्हणून तर एवढा कलकलाट. आजीने यातलं अक्षर वाचलं नव्हतं, पण नवीन कोंबडी एकटी कधी आणू नये, निदान दोघी आणाव्यात, म्हणजे मार वाटला जातो, एवढं ती सांगायची.

मीही माझ्या परीने तयारी केली आहे. दाण्याची ताटं तीन, तीही अशी की एकापाशी उभं राहून दुसरं दिसू नये. एक न्हाणीमागे, एक केळीत, एक गोठ्याच्या दारात. दडायला जुनी दोणी उपडी घालून ठेवली. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य बंद केलं, कारण त्यातला चुना पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. आता सगळ्यांना पिल्लांचंच खाद्य, आणि जुन्यांच्या चुन्यासाठी खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून वेगळ्या. पंगत मांडताना सोवळ्या आजोबांची वेगळी पानं वाढायचे, तसं. इतकं करूनही डालगं कलंडायचं ते कलंडलंच.

तर न्हाणीच्या कोपऱ्यात मी काठी आपटत उभा, आणि बघतो तर सगळ्यात जास्त मारत कोण होती? लंगडी. आमच्या चौघींतली शेवटची. जी ताटापाशी सर्वांत शेवटी येते, जिच्या पाठीवर कधी धड पिसं नसतात, जिला मी चोरून मूठभर कणी घालतो. पुढारीण दोन टोचे मारून बाजूला झाली होती. ही मात्र एकेकीला हुडकून, दोणीखालून बाहेर काढून मारत होती. मला तिचा इतका राग आला की काठी उगारली. मग पाय बघितला आणि उगारलेली तशीच खाली घेतली.

गणपतीच्या आधी दिवा स्टेशनाहून कोकणात सुटणाऱ्या गाडीत हे दरवर्षी बघायचो. दिव्याला जो खांद्यांवरून, खिडकीतून, शिव्या खात आत शिरतो, तोच पनवेलला दार आतून दाबून धरतो. "जागा नाय हा, फुडच्या डब्यात बघा."

आणि गाडीचं तरी कशाला सांगतोय. पाचवीत मला काकांकडे लालबागला नेलं. शाळेत मी तोंड उघडलं की मुलं हसायची. माझं 'खय', माझं 'असा', माझी हाफ चड्डी. दीड वर्ष लागलं त्यांच्यासारखं बोलायला. सातवीत कुडाळकडचा एक मुलगा वर्गात आला. मास्तरांनी गणित विचारलं तेव्हा उभा राहून म्हणाला, "माका येणा नाय." त्या दिवशी वर्गात सगळ्यात मोठ्याने हसलो तो मी. मधल्या सुट्टीत त्याची नक्कल करून दाखवली. माझी फार छान वठली, अर्थातच. तो दिवाळीनंतर परत आला नाही. गावी गेला म्हणाले, का ते कुणी विचारलं नाही.

असो. पाचही जणी सापडल्या, एकीच्या तुऱ्याला लागलंय, हळद लावली. रात्री आठनंतर त्यांना खुराड्यात टाकीन म्हणतो. चिमणी आता नाही, मोबाइलचा उजेड आहे, आणि तो फार होतो, बोटाआड धरावा लागतो. चार जुन्या, पाच नव्या, कोंबडा धरून दहा भरायला हवेत. बायको म्हणते, लंगडीला आज वेगळी ठेवा. मी म्हटलं, नको, तिला तिच्या जागेवरच राहू दे. उद्या उजाडल्यावर बघू.