आमची वाटचाल: पुडीतलं जित्तं

आमच्या जिवाणू खताच्या कंपनीचा पहिला ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारायचं भांडं, अजून चालू आहे. उभा, झाकणाला सहा विंगनट, दाबाच्या काट्याची काच एका कोपऱ्यात तडकलेली. २००८ साली परभणीत दोन खोल्यांचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा हा जुना घेतला होता. नव्याचे पैसेच नव्हते. रबराची गॅस्केट चार वेळा बदलली, कॉइल तीन वेळा, पण भांडं तेच. नट कसे आवळायचे ते आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवलं जातं: एक आवळला की शेजारचा नाही, समोरचा. ओळीने आवळत गेलं की झाकण एका बाजूला बसतं आणि दुसरीकडून वाफ मारतं.

हे मला सरांनी शिकवलं. सर म्हणजे माझे भागीदार. आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि फंडातले पैसे माझ्या हातात दिले. मी बीएस्सी ॲग्री, खतविक्रीत चार वर्षं घासलेला. मला बाजार कळायचा, सरांना जिवाणू कळायचे. पहिल्याच आठवड्यात मी काटा १५ पौंडावर गेला म्हणून वेळ लावली, तर सरांनी बटण बंद केलं. म्हणाले, "आत हवा आहे. काटा १५ दाखवेल, पण आत १२१ अंश होणार नाही. आधी कॉक उघडा, वाफ सलग येऊ द्या, मग बंद करा." घरच्या कुकरलाही शिटी बसवण्याआधी नळीतून वाफ येऊ द्यायची असते ती याचसाठी. आज जिवाणू खताचं युनिट टाकू पाहणाऱ्या कोणालाही मी हेच सांगतो: फर्मेंटरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीच्या, मागे लागू नका, आधी चांगला ऑटोक्लेव्ह आणि चांगला जनरेटर घ्या. फर्मेंटर तुम्हाला मोठं करतो, ऑटोक्लेव्ह तुम्हाला जिवंत ठेवतो.

मदर कल्चर, म्हणजे जिवाणूंचं मूळ विरजण, आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठातून आणलं. सोयाबीनचं रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारा जिवाणू), हरभऱ्याचं रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर (गाठी न करता मातीत नत्र धरणारा) आणि स्फुरद विरघळवणारे. तूर, मूग, उडीद ही आपल्या मातीतली जुनी माणसं, त्यांच्या गाठी करणारे जिवाणू रानात असतातच. सोयाबीन बाहेरून आलेलं पीक. ज्या रानात वर्षानुवर्षं कापूस आणि ज्वारी घेतली तिथे पहिल्यांदा सोयाबीन पेरलं तर मुळांना गाठ सापडायची नाही. त्याचा जिवाणूच वेगळा, ब्रॅडीरायझोबियम. हरभऱ्याची पुडी सोयाबीनला चोळून उपयोग नाही, हे आजही दुकानदाराला सांगावं लागतं. "रायझोबियम ते रायझोबियम" म्हणून जे शिल्लक असेल ते हातात ठेवतात.

तात्या आमच्याकडे पहिल्यांदा २०१० च्या मे महिन्यात आले. जिंतूर तालुक्यातले, बारा एकर कोरडवाहू. पुडी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "ह्यात जित्तं हाय म्हणता?"

"हो तात्या, ग्रॅमला पाच कोटी तरी असायलाच पाहिजेत. कायद्यानंच तसं आहे."

"जित्तं असंल तर मरतंबी असंल की. मंग ह्या उन्हात मी घरी कसं न्यावं?"

दोन वर्षांत कोणी दुकानदाराने, कोणी अधिकाऱ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. तात्यांनी तिथेच धोतराचं टोक नळाखाली भिजवून पिळलं, पुड्या त्यात गुंडाळल्या आणि एसटीत बसले. घरी त्या पुड्या माठाशेजारी, ओल्या पोत्याखाली ठेवल्या. पेरणीच्या सकाळी गुळाचं पाणी थंड करून, दहा किलो बियाण्याला एक पुडी या हिशेबाने हलक्या हाताने चोळलं, सावलीत पसरलं आणि दोन-तीन तासांत पेरलं. हलक्या हाताने हे महत्त्वाचं. सोयाबीनचं टरफल कागदासारखं असतं, जोरात रगडलं की उगवण जाते आणि मग नाव आमचं खराब होतं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर, जिवाणू सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर आपणच आणलेलं आपणच मारलं.

तात्यांनी मधल्या चार ओळी न चोळता पेरल्या होत्या. मी सांगितलं नव्हतं. पस्तीस-चाळीस दिवसांनी फोन आला, या म्हणून. गेलो तर बांधावर दोन्हीकडची झाडं मुळासकट उपटून ठेवलेली. चोळलेल्या झाडाच्या सोटमुळाला वरच्या बोटभर भागात गाठींचा झुबका होता. तात्यांनी एक गाठ अंगठ्याच्या नखाने फोडली. आतून गुलाबी, ताज्या मांसासारखी. मी सांगितलं, हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. हवेतलं नत्र धरणारं एन्झाइम ऑक्सिजनला सोसत नाही, म्हणून हा लाल पदार्थ ऑक्सिजन बांधून ठेवतो. तात्या एवढंच म्हणाले, "रगत हाय म्हणजे काम चालू हाय." न चोळलेल्या झाडाला दोन-चार गाठी होत्या, आतून पांढरट. तेव्हापासून मी शेतकऱ्याला आकडे सांगत नाही. गाठ फोडून बघा म्हणतो. गुलाबी असेल तर ठीक, हिरवट-पांढरी असेल तर पैसे परत.

पुढची काही वर्षं बरी गेली. शीतखोली झाली, कल्चर हलवायचा शेकर घेतला, ट्रायकोडर्मा (रोग करणाऱ्या बुरशीला मारणारी बुरशी) सुरू केला. विशेष असं काही नाही.

मग २०१५. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस दगा देऊन गेला होता. जूनच्या सुरुवातीला पडला तसा पडला आणि गायब झाला. ज्यांनी पेरलं त्यांचं करपलं, ज्यांचं राहिलं त्यांनी पेरलंच नाही. जिवाणू आम्ही लिग्नाइटमध्ये, म्हणजे एका कोळशाच्या पुडीत, मिसळून भरतो; त्या पुडीचं आयुष्य सहा महिने. ऑगस्टपासून दुकानदार पोती परत पाठवू लागले. रासायनिक खत पडून राहिलं तर पुढच्या वर्षी विकतं, आमचा माल मरतो. गाळ्याच्या मागे खड्डा करून आम्ही त्या पुड्या फोडून पुरल्या. सर उन्हात उभे राहून मोजत होते. मी म्हणालो, सर, आत चला. ते हलले नाहीत. पतसंस्थेचे हप्ते थकले, दोन कामगार कमी केले, सौ.ने प्लेटा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या चपट्या बशा, मोजायचं काम हातात घेतलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. आमचीही गत वेगळी नव्हती, काचेची भांडी धुवायला टँकर घेत होतो. तरीही त्या उन्हाळ्यात आम्ही माल तयार केला, कारण तीन वर्षांनी पाऊस येणार असं सगळे म्हणत होते आणि आलाही.

याच वेळी एक प्रतिस्पर्धी उभा राहिला. नाव लिहीत नाही. तीन हंगाम तो आमचाच विक्रेता होता. गाळ्यावर यायचा, चहा प्यायचा, पॅकिंग बघायचा, पिशव्या कुठून छापून घेता ते विचारायचा. मी मोकळेपणाने सांगितलं. २०१६ च्या हंगामाआधी त्याने स्वतःची पुडी बाजारात आणली, चकचकीत, आमच्यापेक्षा निम्म्या किमतीत. सरांनी एक विकत आणून प्लेटवर टाकली. सोयाबीनचा जिवाणू संथ असतो, त्याची टाचणीच्या टोकाएवढी वसाहत दिसायला पाच ते सात दिवस लागतात. माध्यमात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू नावाचा रंग घातला असेल तर हिरवा रंग हळूहळू निळा होतो. त्याच्या पुडीची प्लेट दुसऱ्या दिवशी पिवळी झाली, म्हणजे भलतेच, भराभर वाढणारे जिवाणू. तिसऱ्या दिवशी कापसासारखी बुरशी झाकणाला टेकली. आठव्या दिवसापर्यंत थांबलो, एक निळा ठिपका दिसला नाही. आमच्या लेखी ती पुडी म्हणजे निव्वळ कोळशाची पूड होती. त्या प्लेटचा फोटो आजही माझ्याकडे आहे.

आणि नमुना नापास झाला तो आमचा. मे महिन्यात एका तालुक्याच्या दुकानातून सरकारी तपासणीसाठी आमच्या पुड्या काढल्या होत्या. ते दुकान मी पाहिलेलं आहे. माल पोटमाळ्यावर, डोक्यावर पत्रा, परभणीचा मे. तिथे माणूस दहा मिनिटं बसू शकत नाही, जिवाणू काय टिकणार? अहवाल जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला, अगदी पेरणीच्या तोंडावर: पेशीसंख्या कमी, नमुना अप्रमाणित. लगोलग विक्री बंद आदेश. मी म्हणालो, याच बॅचचा माल आमच्या शीतखोलीत आहे, तो काढून तपासा. अर्ज द्या, म्हणाले. अर्ज दिला. संध्याकाळपर्यंत त्या आदेशाचा फोटो तालुक्यातल्या सगळ्या शेतकरी गटांत फिरत होता. कागद मला मिळायच्या आधी त्या विक्रेत्याच्या मोबाइलवर कसा गेला, हे मी तेव्हापासून विचारतो आहे.

पाऊस धो धो पडत होता. तीन वर्षांनी काळी रानं भरली होती, लोक रात्रंदिवस पेरत होते आणि आमची शीतखोली भरलेली. त्या आठ दिवसांत कंपनी बंद करायचा कागद मी लिहून काढला होता. सरांनी वाचला, घडी करून खिशात ठेवला, काही बोलले नाहीत.

तात्या चौथ्या दिवशी भिजत आले. मी हात जोडले, विकता येत नाही म्हणालो. ते म्हणाले, "मला पावती नको. तुमी मला कामून देत न्हाई?" तरी दिली नाही. आदेश तो आदेश. परवाना ज्याचा आहे त्याने एवढं पाळलंच पाहिजे, समोर सख्खा भाऊ असला तरी. तात्या त्या वर्षी न चोळता पेरून मोकळे झाले. जाताना त्या दुकानात गेले आणि पेठेतल्या सगळ्यांसमोर दुकानदाराला म्हणाले, पत्र्याखाली तू बस दिवसभर, मग सांग नमुना कुणाचा नापास.

आमच्या शीतखोलीतला नमुना पास झाला. अहवाल ऑगस्टच्या अखेरीस आला, सोयाबीन शेंगा धरत असताना. विक्री बंद आदेश मागे घेतल्याचा कागद आला, तो मी स्वतः सगळ्या गटांत टाकला. कोणी पुढे पाठवला नाही. आजही एखादा जुना शेतकरी विचारतो, तुमचं ते मध्ये बंद पडलं होतं ना? पडलं नव्हतं. कधीच पडलं नाही.

तग धरला तो रब्बीच्या ट्रायकोडर्मावर. फर्मेंटरचं वीजबिल परवडेना म्हणून सरांनी ज्वारीचे दाणे अर्धवट शिजवून, पिशवीत भरून, ऑटोक्लेव्ह करून त्यावर बुरशी वाढवली. आठ-दहा दिवसांत दाणा न दाणा हिरवा. तुरीचा आणि हरभऱ्याचा मर रोग करणारी जी फ्युजेरियम नावाची बुरशी असते, तिची पेशीभित्ती ट्रायकोडर्मा आपल्या एन्झाइमांनी विरघळवते. शेणखतात मिसळून सावलीत ओलं ठेवायचं आणि मग रानात द्यायचं. नुसतं कोरड्या मातीवर भुरभुरून पैसे वाया घालवू नका. त्या हिवाळ्यात पतसंस्थेचे हप्ते याच ज्वारीच्या पिशव्यांनी भरले.

तो विक्रेता दोन-तीन वर्षांत रासायनिक खताच्या धंद्यात गेला. सर २०२१ मध्ये गेले. तो घडी केलेला कागद त्यांच्या वहीत सापडला, मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात ज्वारी शिजवायचं प्रमाण लिहिलेलं.

आता बहुतेक माल द्रवरूपात जातो. मिलीला दहा कोटी पेशी, आयुष्य जास्त, दुकानदाराच्या चुकाही थोड्या जास्त सोसतो. तात्यांना बाटली नको असते. "बाटलीत औषध असतंय," म्हणतात. म्हणून दर मे महिन्यात लिग्नाइटची एक छोटी बॅच आम्ही जुन्या ऑटोक्लेव्हमध्येच काढतो. ओलावा तीस ते चाळीस टक्क्यांच्या मध्ये, मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाला पाणी लागू नये. यंदाच्या पुड्या परवा भरून झाल्या. तात्यांचा नातू मोटारसायकलवर नेणार आहे, त्याला ओलं फडकं घेऊन यायला सांगितलं आहे.