एलसॅटसाठी कोणता क्लास लावावा? तुम्ही विचारलंत म्हणून

अमेरिकेत वकिली करणारी मराठी बाई म्हटल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, बहुधा जेवणाच्या रांगेत, मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘मुलीला लॉ स्कूलला जायचं आहे, एलसॅटसाठी क्लास कोणता लावू?’ एलसॅट म्हणजे तेथल्या लॉ स्कूलांच्या प्रवेशासाठीची परीक्षा. विचारणारे आईवडील बहुतेक वेळा इंजिनिअर किंवा डॉक्टर असतात. परीक्षा म्हणजे अभ्यासक्रम, आणि अभ्यासक्रम म्हटला की तो पूर्ण करून घेणारे सर किंवा मॅडम, हे समीकरण त्यांच्या मनात शाळेपासून पक्के झालेले असते. रांगेत या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते लेखी देत आहे.

एलसॅटला अभ्यासक्रमच नाही. १९४८ पासून घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत कायद्याचे एकही कलम विचारत नाहीत, सामान्यज्ञान नाही, गणितही नाही. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे चार विभाग असतात. त्यांपैकी तीन विभागांचे गुण धरले जातात: दोन तर्काचे आणि एक उताऱ्यांच्या आकलनाचा. चौथा विभाग परीक्षा घेणारी संस्था, म्हणजे एलसॅक, नवे प्रश्न पारखून पाहण्यासाठी घालते आणि तो कोणता हे उमेदवाराला कळत नाही. गुण १२० ते १८० या पट्टीवर मिळतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. पूर्वी ‘लॉजिक गेम्स’ नावाचा कोड्यांचा विभागही असे. ती कोडी सोडवताना आकृत्या काढाव्या लागत आणि एका दृष्टिहीन उमेदवाराने त्याविरुद्ध दावा लावला होता. २०१९ मध्ये त्यात तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग वगळला गेला. थोरल्या भावंडाची पुस्तके धाकट्याने वापरायची आपली चांगली सवय येथे म्हणूनच थोडी जपून वापरावी.

तर्काचा प्रश्न कसा असतो हे एका नमुन्यावरून दाखवते. नमुना माझाच आहे. एका शहराने मुख्य रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी मार्गिका आखली. पुढच्या वर्षभरात त्या रस्त्यावरचे सायकलस्वारांचे अपघात वाढले, म्हणून मार्गिकेमुळे तेथे सायकल चालवणे अधिक धोक्याचे झाले, असा निष्कर्ष एका नगरसेवकाने काढला. हा युक्तिवाद सर्वांत जास्त दुबळा करणारे विधान कोणते? एक पर्याय सांगतो की शेजारच्या शहरात अशाच मार्गिकेनंतर अपघात कमी झाले. दुसरा सांगतो की वाढलेल्या अपघातांपैकी बहुतेक किरकोळ होते. तिसरा सांगतो की मार्गिका झाल्यावर त्या रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्यांची संख्या चौपट झाली, तर अपघात दीडपटच झाले. आपल्याकडची हुशार मुले पहिल्या पर्यायावर अडखळतात, कारण तो खरा वाटतो आणि मार्गिकेच्या बाजूचाही वाटतो. पण शेजारच्या शहराची परिस्थिती या शहरासारखी होती असे कोणीच म्हटलेले नाही. दुसरा पर्याय अपघातांचे गांभीर्य थोडे कमी करतो, तरी अपघात होण्याची शक्यता वाढली की नाही याविषयी तो गप्प आहे. नगरसेवकाने अपघातांची संख्या पाहिली, त्यांचे प्रमाण पाहिले नाही, हा दोष तिसरा पर्याय नेमका उघडा करतो.

तयारी म्हणजे हे करत राहणे. सराव-परीक्षा सोडवून गुण मोजले आणि पुढची घेतली, असे करणारी मुले काही आठवड्यांनी त्याच गुणांवर थबकतात आणि मग आईवडील अधिक महागडा क्लास शोधू लागतात. त्यापेक्षा एक वही करावी. चुकलेला प्रश्न आणि योगायोगाने बरोबर आलेला प्रश्न, दोन्ही तिच्यात उतरवावेत. निष्कर्ष कोणता, आधार कोणता आणि दोहोंमधली फट कोठे आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि आपल्याला चुकीचा पर्याय का आवडला हेही प्रामाणिकपणे नोंदवावे. हे शेवटचे सर्वांत कंटाळवाणे आहे आणि सर्वांत उपयोगीही तेच आहे, कारण दोन-तीन महिन्यांत आपल्या चुकांचे वळण त्यातून दिसू लागते: कोणी ‘काही’ आणि ‘बहुतेक’ यांची गल्लत करतो, कोणी मजकुरातून काय निघते याऐवजी स्वतःला काय पटते ते निवडतो. पूर्वीच्या खऱ्या प्रश्नपत्रिका एलसॅकच्या लॉहब या व्यासपीठावर मिळतात, त्यांतल्या काही विनामूल्य आहेत. क्लास लावू नये असे माझे म्हणणे नाही. ज्याला वेळापत्रक पाळण्यासाठी कोणाचा तरी धाक लागतो त्याने तो जरूर लावावा, पण वही क्लास लिहून देणार नाही.

‘कितीदा देता येते?’ हा पुढचा प्रश्न. पाच वर्षांच्या कालावधीत पाच वेळा आणि आयुष्यात सात वेळा. त्या पाच वर्षांतले गुण लॉ स्कूलांना दिसतात, तरी बहुतेक ठिकाणी सर्वोच्च गुणांनाच महत्त्व मिळते, कारण त्यांना स्वतःची आकडेवारीही त्यावरूनच जाहीर करावी लागते. म्हणून तयारी कच्ची असताना ‘एकदा देऊन तर पाहू’ म्हणण्यात फायदा नाही; तो अनुभव घरी वेळ लावूनही घेता येतो.

अर्जाच्या बाबतीत आपली मंडळी दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करतात. पहिली गोष्ट जीपीएची, म्हणजे महाविद्यालयातल्या गुणांच्या सरासरीची. कोणत्याही विषयातली पदवी चालते, ‘प्री-लॉ’ नावाची विशेष पदवी घेण्याची गरज नाही. मात्र एलसॅक सगळ्या महाविद्यालयांच्या गुणपत्रिका मागवून जीपीए आपल्या पद्धतीने नव्याने काढते, आणि त्यात शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या महाविद्यालयात, हौसेने घेतलेल्या विषयांचे गुणही येतात. दहावी-अकरावीत अशा विषयात मिळालेली ‘सी’ श्रेणी वर्षांनी समोर उभी राहते. भारतातून पदवी घेऊन आलेल्यांना असा आकडी जीपीए मिळत नाही; त्यांच्या गुणपत्रिकेचे मूल्यमापन ‘उत्कृष्ट’, ‘सरासरीपेक्षा वर’ अशा शब्दांत होते, त्यामुळे त्यांच्या अर्जात एलसॅटचे वजन वाढते.

दुसरी गोष्ट वेळेची. मुदत फेब्रुवारीत किंवा त्यानंतर असली, तरी अर्ज सप्टेंबरच्या सुमारास घ्यायला लागतात आणि येतील तसे तपासून जागा भरत जातात. शेवटच्या तारखेला अर्ज करणे म्हणजे पंगतीच्या शेवटी पानावर बसणे होय. जेवण मिळते, पण जिलबी संपलेली असू शकते. उन्हाळ्यापर्यंत परीक्षा आटोपली, तर पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबतचे स्वतःविषयीचे निवेदन, लिहायला आणि प्राध्यापकांकडून शिफारसपत्रे मिळवायला निवांतपणा मिळतो. स्टेटमेंटमध्ये आजोबा वकील होते आणि लहानपणापासून न्यायाची आवड होती, हे लिहिले नाही तरी चालते. वाचणाऱ्याला त्यातून अर्जदार कसा विचार करतो ते कळायला हवे.

शेवटी पैसे. मोठ्या खासगी लॉ स्कूलांत वर्षाची नुसती फीच ७० हजार डॉलरच्या वर गेली आहे, शिक्षण तीन वर्षांचे आहे, आणि १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना संघीय सरकारचे शैक्षणिक कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण दोन लाखांपर्यंतच मिळेल. त्यामुळे शिष्यवृत्तीला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आले आहे आणि ती प्रामुख्याने एलसॅटच्या गुणांवर ठरते. लॉ स्कूलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या नियमामुळे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला ‘५०९’ नावाचा अहवाल जाहीर करावा लागतो. प्रवेश घेतलेल्यांचे मध्यम गुण (निम्मे ज्यांच्या वर आणि निम्मे खाली असतात ते) कोणते, शिष्यवृत्ती कितीजणांना मिळाली आणि अट घालून दिलेली शिष्यवृत्ती पुढे कितीजणांची कमी झाली किंवा गेली, हे सारे त्यात असते. क्लासचे माहितीपत्रक वाचण्याआधी हा अहवाल वाचावा. आपल्या मुलीचे गुण एखाद्या लॉ स्कूलच्या मध्यम गुणांपेक्षा वर असतील, तर दुसऱ्या लॉ स्कूलचे शिष्यवृत्तीचे पत्र दाखवून तेथे रक्कम वाढवून मागता येते. मंडईत मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण येथे मात्र संकोचतो, आणि त्यांनी दिले तेवढे बरे म्हणून गप्प बसतो. येथे हा व्यवहार रूढ आहे, प्रवेश कार्यालयाला त्यात काही वावगे वाटत नाही. पत्र मुलीने स्वतःच्या नावाने, नम्र शब्दांत आणि जागा राखण्याची अनामत भरण्याआधी पाठवावे.