चकतीतला प्रोटॉन की छिद्रातले पाणी?

लँथॅनम या धातूच्या हायड्रॉक्साइडच्या स्फटिकातून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण, वाहतो का, हे तपासायला त्याची घट्ट चकती लागते; ती मिळवणे सोपे नाही. भट्टीतून काढलेली लँथॅनम ऑक्साइडची टणक चकती मी एकदा उघड्यावर ठेवली आणि काही दिवसांनी पाहिले, तर तिच्या जागी पांढऱ्या भुकटीचा ढीग होता. हवेतील बाष्प शोषून ऑक्साइडचे हायड्रॉक्साइड होताना घनपदार्थाचे आकारमान सुमारे १.७ पट होते, आणि एवढा फुगवटा भाजलेली चकती सोसू शकत नाही. उलट बाजूने, हायड्रॉक्साइडची भुकटी दाबून नेहमीसारखी भाजावी, तर ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे ती पाणी सोडू लागते. म्हणून भुकटी किंचित ओली ठेवून, वाफ बाहेर जाऊ न देता, साधारण २०० अंशांना दाबाखाली घट्ट करणे हाच मार्ग मला पटतो.

भुकटी लँथॅनम नायट्रेटच्या द्रावणात सोडियमयुक्त अल्कली घालून मिळवली असेल, तर ती उकळून गार केलेल्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावी; मागे राहिलेले सोडियमही विद्युतभार वाहून नेते, आणि साध्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट तयार करतो. शुद्ध हायड्रॉक्साइड तापवताना वजनात आधी ९.५ टक्के, पुढे एकूण १४.२ टक्के घट होते. त्यानंतरही अधिक तापमानाला वजन उतरत राहिले, तर कार्बोनेटचा संशय घ्यावा.

मोजणीत खरी फसगत होते. दमट वायूत चकतीची वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) वाढलेली दिसते आणि आपण ती स्फटिकातल्या प्रोटॉनची मानतो. पण सच्छिद्र चकतीत छिद्रांच्या भिंतींवर साचलेले पाणीही प्रोटॉन वाहून नेते. जड पाण्याच्या, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी त्याचे जड रूप असलेल्या पाण्याच्या, वाफेत वाहकता १.४ पटीच्या आसपास घटली, तर वाहक हायड्रोजन आहे याला बळ मिळते, तो कुठून जातो हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी मी आर्द्रता तीच ठेवून तापमान हळूहळू वाढवते: पृष्ठभागावरचे पाणी उडू लागले की वाहकता आधी खाली येते, आणि स्फटिकातील वहन असेल तरच ती पुढे पुन्हा चढू लागते. ती चढण दिसेपर्यंत, आणि त्याच घटकांच्या अधिक घट्ट चकतीतही ती तशीच येईपर्यंत, वहीत ‘प्रोटॉनवाहक’ हा शब्द मी लिहीत नाही.